जीर्णोद्धाराची सचोटी

जुनी वस्तू पुन्हा चालती करणे हे वरवर पाहता अगदी निरुपद्रवी काम आहे. त्यात कोणाचे काही जात नाही. उलट भंगारात जाणारी एक वस्तू वाचते, चार कुशल हातांना काम मिळते आणि मालकाला समाधान लाभते. मग अशा कामात नीतीचा प्रश्न यावा कोठून? पण जेथे जुनेपणाला मान मिळतो, आणि मानाबरोबर किंमतही मिळते, तेथे ‘ही वस्तू जुनी आहे’ असे म्हणणे ही एक प्रकारची साक्ष होऊन बसते. आणि साक्ष आली की खरेखोटे आलेच. जुन्या मोटारसायकली दुरुस्त करून ऐतिहासिक फेरीसाठी सज्ज करणे हा छंद या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

हा विचार जबलपूरच्या संदर्भात करणे अप्रस्तुत ठरू नये. नर्मदेच्या संगमरवरी कड्यांइतकीच या शहराची ओळख लष्करी कारखान्यांनी घडविली आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली सुरू झाली. लष्कराचा शक्तिमान ट्रक १९५९ साली प्रथम तेथेच तयार झाला. पुढे १९६९ मध्ये वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्रही याच शहरात आहे. बिनतारी यंत्रणा सर्वत्र पोचण्यापूर्वी लेखी संदेश घेऊन एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याकडे धावणारा मोटारसायकलस्वार हा या दलाचा मोठा आधार होता. त्या परंपरेतूनच १९३५ साली ‘डेअर डेव्हिल्स’ हे पथक उभे राहिले. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात धावत्या मोटारसायकलींवर मानवी मनोरे रचणारे त्याचे जवान आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील. शिवाय १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही शहरे एकाच राज्यात होती. बांधकाम, पाटबंधारे, पोलीस अशा खात्यांतील मराठी माणसे येथे बदलून येत आणि कित्येकदा येथलीच होऊन जात. अशा एखाद्या घराच्या मागल्या पडवीत, ताडपत्रीखाली, आजोबांची फटफटी उभी असली तर त्यात नवल नाही.

ही फटफटी साधारणपणे तीन घराण्यांपैकी एकाची असते. पहिले घराणे दुसऱ्या महायुद्धाचे. बी. एस. ए. एम-२०, नॉर्टन १६-एच यांसारख्या सुमारे पाचशे घनसेंटिमीटरच्या दणकट गाड्या युद्धकाळात ब्रिटिश सैन्यासाठी मोठ्या संख्येने बनल्या आणि युद्ध संपल्यावर मोडीत निघून नागरिकांच्या हाती आल्या. दुसरे घराणे बुलेटचे. १९५० नंतरच्या दशकात भारतीय लष्कराने सरहद्दीवरील गस्तीसाठी ३५० घनसेंटिमीटरच्या ८०० बुलेट गाड्यांची मागणी नोंदविली आणि त्या व्यवहारातून १९५५ साली मद्रासेत ‘एन्फील्ड इंडिया’ कंपनीचा जन्म झाला. तिसरे घराणे मैसूरच्या जावाचे. तो कारखाना १९६१ साली सुरू झाला, १९७३ पासून त्याच्या गाड्यांवर ‘येझदी’ हे नाव आले आणि १९९६ मध्ये त्याला टाळे लागले. यांतली बुलेटची कथा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. इंग्लंडातील मूळ कंपनीचे काम १९७० च्या सुमारास थांबले. मद्रासची शाखा मात्र चालू राहिली आणि तेच ओतीव लोखंडाचे, ७० मिलिमीटर व्यासाचे व ९० मिलिमीटर फेऱ्याचे इंजिन नव्या शतकातही काही वर्षे बनवीत राहिली. म्हणजे इंग्लंडात बनलेल्या एखाद्या जुन्या गाडीला आज जो सुटा भाग बसतो, तो बहुधा मद्रासचा असतो. ‘मूळचे’ म्हणावे ते कोणाला, हा घोळ येथूनच सुरू होतो.

जुन्या वाहनांच्या फेऱ्यांची प्रथा प्रथम इंग्लंडात रुजली. १८९६ साली मोटारींवरील जाचक निर्बंध उठले, तेव्हा मालकांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या हाकून आनंद साजरा केला. १९२७ मध्ये त्या घटनेची आठवण म्हणून जुन्याच गाड्यांची फेरी निघाली आणि मग तिची परंपरा पडली. १९३० पासून १९१५ पूर्वीच्या मोटारसायकलींसाठी ‘पायोनियर रन’ ही वेगळी फेरी निघू लागली. आपल्याकडे ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या पुढाकाराने १९६० नंतरच्या दशकात दिल्ली व कलकत्ता येथे जुन्या मोटारींच्या फेऱ्या सुरू झाल्या. या शर्यती नव्हेत. येथे कौतुक वेगाचे नसते. इतक्या वर्षांचे यंत्र आपल्या पायांवर चालत मुक्कामाला पोचले, याचे असते.

आता या विषयात सरकारही आले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी किंवा चारचाकी, जर मूळ स्वरूपात राखलेली असेल आणि तिच्या चौकटीत, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तर तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. अशी गाडी रोजच्या वा धंद्याच्या वापरास चालत नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या वाहनांची फेरी, आणि त्यासाठी लागणारे इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. नियम सुबोध आहे. पण ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांत जी अडचण दडलेली आहे ती कोणत्याही नियमाने सुटणारी नाही. तिचा निवाडा अर्ज भरणाऱ्याच्या मनातच व्हावा लागतो.

काम कसे चालते ते पाहा. चाळीस वर्षे उभी राहिलेली गाडी प्रथम रॉकेलने धुतली जाते. टाकीत आतून गंज धरलेला असतो. तो काढल्यावाचून पेट्रोल घालता येत नाही, कारण त्याचा कण कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात अडकला की गाडी मरते. पिस्टन सिलिंडरात धरलेला असतो. तो सुटला तर सिलिंडरला बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. तारांवरील कापडी आवरण कुजलेले असते, चाकांचे आरे गंजलेले असतात, रबर म्हणून जे काही होते त्याची माती झालेली असते. हे सारे बदलावेच लागते, आणि त्यात कोणी दोष काढणार नाही. पण काम पुढे सरकू लागले की तीन मोह समोर येतात, आणि ते एकापेक्षा एक कठीण आहेत.

पहिला मोह झगमगाटाचा. फार जुन्या गाड्यांवर निकेलचा मुलामा असे. त्याची चमक थोडी पिवळसर, मंद असते. क्रोमची पांढरी लकाकी पुढे आली. लष्करी गाडीला तर ना निकेल ना क्रोम. तिला हिरवट वा मातकट रंगाचा एक रोगणी हात मिळे आणि काम भागे. आज मात्र अशा गाडीलाही आरशासारखी घासून, चकचकीत रंग देऊन उभी करतात. जी गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीही इतकी सुंदर नव्हती, तिला तिच्या जन्मदिवसाहून अधिक नवी करून ‘जुनी’ म्हणून मिरवायचे, हा विनोद आहे. पण निदान तो डोळ्यांना दिसतो आणि जाणत्याला फसवीत नाही.

दुसरा मोह कल्पनेचा, आणि तेथून पुढे खोटेपणाचा. एखादा भाग हरवलेला असतो. त्याचा नमुना नाही, चित्र नाही. मग तो ‘असाच असला पाहिजे’ असे ठरवून घडविला जातो. १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेने प्राचीन वास्तूंच्या बाबतीत असा दंडक घातला की, जेथे अनुमानाला सुरुवात होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. गाडीच्या बाबतीत हा दंडक तंतोतंत पाळणे कठीण आहे, कारण हँडलावाचून गाडी चालत नाही. तरी अनुमान हे अनुमान म्हणून सांगता येते. खरा अधःपात होतो तो चौकटीवरील आणि इंजिनावरील क्रमांक घासून दुसरा ठोकण्यात. एका गाडीची चौकट, दुसरीचे इंजिन, तिसरीची कागदपत्रे जमवून एक ‘अस्सल’ गाडी उभी करणे, आणि त्यासाठी दुरुस्त होऊ शकणाऱ्या दोन गाड्या मोडून टाकणे, याला छंद म्हणता येत नाही. ती फसवणूक आहे, आणि ती केवळ गिऱ्हाइकाची नसते.

तिसरा मोह सर्वांत सभ्य दिसतो आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाच्या स्थितीला तिला परत न्यायचे, असा संकल्प मालक करतो. संकल्प प्रामाणिक असतो. पण त्याच्या पोटात काय पुसले जाते पाहा. ही गाडी कारखान्यात काही दिवस होती आणि आपल्या देशात पन्नास-साठ वर्षे. त्या काळात परदेशी भाग मिळत नव्हते, आयातीवर निर्बंध होते. तेव्हा कोण्या मिस्त्रीने तुटलेल्या पट्टीला पितळेचा डाख दिला. पावठाण झिजले तर लोहाराकडून नवे घडवून घेतले. विजेची जुनी यंत्रणा निकामी झाल्यावर दुसऱ्याच गाडीची बसविली. हे काम ओबडधोबड असेल, पण गाडी त्यामुळेच जगली. आज आपण तो डाख घासून काढतो, लोहाराचे पावठाण भंगारात टाकतो, आणि बाहेरून मागविलेला भाग बसवून म्हणतो की गाडी ‘मूळ’ झाली. झाले असे की, जिने गाडी बनविली त्या कंपनीचे नाव राहिले. ज्यांनी ती जगविली त्यांचा मागमूस उरला नाही.

येथे तत्त्वज्ञ म्हणेल की हा सारा खटाटोपच भ्रममूलक आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथात बसून आला होता. नागसेनाने विचारले, दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? प्रत्येक प्रश्नाला राजाला ‘नाही’ म्हणावे लागले, आणि अखेर निष्पन्न झाले की अवयवांच्या आश्रयाने व्यवहारात चालणारे ते एक नाव आहे. ग्रीकांकडेही थिसियसच्या नौकेचा असाच वाद होता. तिची एकेक फळी बदलत गेली, तर शेवटी नौका तीच राहिली की दुसरी झाली? या विचारापुढे ‘मूळ गाडी’ ही कल्पना टिकत नाही हे कबूल केले पाहिजे. पण त्यावरून ‘मग काहीही करावे’ असा निष्कर्ष काढणे ही पळवाट होईल. गाडीचे तेपण जर तिच्या लोखंडात नसेल आणि व्यवहारातील नावात असेल, तर ते नाव सांभाळणाऱ्या माणसाच्या शब्दावर सारा भार येतो. लोखंड खोटे बोलत नाही. बोलला तर माणूसच बोलतो. म्हणून नागसेनाच्या युक्तिवादाने आपली जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते.

आपल्या घरांत हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्याची उकल आपण केव्हाच करून ठेवली होती. तांब्यापितळेच्या भांड्यांना काही महिन्यांनी कल्हई करावी लागे. जुना थर जाई, नवा येई. भांडे बदलले असे कोणी म्हणत नसे. मात्र भांड्यावर आजीचे नाव आणि साल घातलेले असे, आणि ते खोडून आपले नाव घालणे कोणाही घरंदाज माणसाला रुचले नसते. काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही याचा हा किती सरळ निवाडा आहे! झिजणारे ते बदलावे; जे कोणाची तरी खूण म्हणून ठेवलेले आहे, ते राहू द्यावे.

जबलपूरपासून जवळच, भेडाघाटच्या टेकडीवर, हाच निवाडा दगडात पाहायला मिळतो. तेथील कलचुरी काळातील चौसष्ट योगिनींच्या देवालयाचे आवार वर्तुळाकार आहे. भोवतीच्या योगिनींच्या मूर्ती भग्न आहेत. कोणाचे हात गेले, कोणाचे मुख. त्यांना कोणी सिमेंटचे हात लावले नाहीत. आणि त्याच आवारातील गौरीशंकराच्या मंदिरात आजही पूजा चालते, फुले वाहिली जातात, दिवा लागतो. एका आवारात एक गोष्ट जशी उरली तशी जपली जाते आणि दुसरी वापरात ठेवून जपली जाते; दोहोंत विरोध वाटत नाही, कारण भग्न मूर्ती अभंग असल्याचे कोणी भासवीत नाही.

मोटारसायकलीला या दोन्ही मार्गांची गरज आहे. काचेच्या कपाटात ठेवली तर तिच्या खुणा राहतील, पण चालणे हाच जिचा धर्म, तिचे ते नुसते कलेवर होईल. चालवायची म्हटली तर बदल अटळ आहेत, आणि काही बदल तर कर्तव्यच आहेत. पूर्वी ब्रेकच्या लायनरात ॲस्बेस्टॉस असे. त्याच्या धुळीने फुप्फुसांचे असाध्य रोग होतात हे आज ठाऊक असताना ‘मूळ’ म्हणून ते पुन्हा घालणे हा मिस्त्रीवर अन्याय होय. शिसेरहित पेट्रोल २००० सालापासून देशभर आले, तेव्हापासून जुन्या इंजिनांच्या व्हॉल्वच्या बैठकी झिजण्याची भीती असते. आणि अलीकडे पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यावर जुनी रबरी वायसरे व नळ्या फुगतात, विरघळतात. हे भाग नव्या जातीचे बसवावेच लागतील. रस्त्यावर चालणारे मूल आणि सायकलवाला यांनी आपल्या इतिहासप्रेमाची किंमत का मोजावी? सुरक्षितता आणि अस्सलपणा यांचा तंटा लागला तर अस्सलपणाने मागे सरावे, यात शंका बाळगण्याचे कारण नाही.

मग उरते काय? उरते नोंद. ज्यांचे आयुष्य सरकारी दप्तरात गेले त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. सेवापुस्तकात किंवा मोजमापाच्या वहीत चूक झाली तर खोडरबर चालत नाही, वर कागद चिकटविणे चालत नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ ओढायची, अशी की खालचा शब्द वाचता यावा. वर बरोबर शब्द लिहायचा. बाजूस आद्याक्षरी आणि तारीख घालायची. नव्या कारकुनाला ही कटकट वाटते. पण पुढे कधी तंटा उभा राहिला की तीच रेघ उपयोगी पडते. आधी काय होते, कोणी बदलले, केव्हा बदलले, हे सारे ती सांगते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तूरिन येथील सनद स्वीकारली, तिचाही रोख याच दिशेने आहे: बदललेला भाग ओळखू यावा अशी त्यावर खूण असावी, काढलेले भाग जपावेत, आणि केलेल्या कामाचे टिपण गाडीबरोबर राहावे. आपल्या जुन्या दप्तरखान्याची शिस्त आणि त्या सनदेची शिस्त एकच आहे.

यावर असे म्हटले जाईल की ही शिस्त हौशी माणसाच्या आनंदावर विरजण घालते. पोराने आजोबांची गाडी हौसेने रंगविली तर त्याला सनद कशाला वाचून दाखवावी? आक्षेप अगदीच पोकळ नाही. आपल्या घरची गाडी आपल्याला आवडेल तशी करावी. तेवढ्याने कोणाचा अपराध होत नाही. पण ज्या क्षणी ती गाडी फेरीत उभी राहते, गळ्यात वर्षाची पाटी अडकविते आणि लोकांच्या टाळ्या घेते, त्या क्षणी ती एकट्या मालकाची राहत नाही. पाहणारा मुलगा समजतो की १९४२ साली सैनिक अशा गाडीवरून जात होते. त्याला मिळणारा हा इतिहासाचा पहिला धडा आहे, आणि तो चुकीचा देण्याचा अधिकार हौसेलाही नाही.

या प्रश्नाचा एक धागा बृहन्महाराष्ट्रात राहणाऱ्या आपणा सर्वांपर्यंत येतो. तीन पिढ्या जबलपुरात काढलेल्या घरातील मराठी पुण्याच्या मराठीसारखी नसते. तिच्यात हिंदीचे शब्द आलेले असतात, क्रियापदे थोडी वाकलेली असतात. वापरता वापरता जेथे तुटले तेथे हाताशी मिळेल त्याने सांधलेले असते. सणासमारंभात व्यासपीठावर आपण ती घासूनपुसून, कारखान्यातून नुकतीच आल्यासारखी, सादर करतो, आणि घरी आल्यावर मुले ती बोलेनाशी होतात, कारण शुद्ध येत नाही म्हणून त्यांना लाज वाटते. ते जोड लपविण्याजोगे नाहीत. त्यांच्यामुळेच ही भाषा परक्या रस्त्यावर इतकी वर्षे चालली. जे बिघडले असेल ते नीट करावे, हरवलेला शब्द सापडला तर परत आणावा. पण ज्या आजीने ‘सब्जी’ म्हणत म्हणत नातवंडांना मराठी गोष्टी सांगितल्या, तिला खोडून टाकून भाषा मूळची होत नाही.

तेव्हा पडवीतली ताडपत्री दूर करण्यापूर्वी एक कोरी वही आणावी. गाडी जशी आहे तशी तिची छायाचित्रे काढावीत. प्रत्येक डाख, प्रत्येक परका भाग टिपून ठेवावा. मिस्त्री हयात असेल तर त्याला विचारून त्याचे नाव लिहावे. मग जे झिजले ते बदलावे, जे धोक्याचे ते निःशंकपणे काढावे, आणि जे केवळ कुरूप आहे पण काम देते ते राहू द्यावे. काढलेले भाग एका पेटीत घालून ठेवावेत. फेरीच्या दिवशी कोणी विचारले, ‘गाडी मूळची का?’ तर छाती फुगवून ‘होय’ म्हणण्याऐवजी वही पुढे करावी. तीत लिहिलेले असेल: चौकट इंग्लंडची, पिस्टन मद्रासचा, पावठाण जबलपूरच्या लोहाराचे, ब्रेक या वर्षीचे. विचारणाऱ्याला यापेक्षा चांगले उत्तर देता येईल असे मला वाटत नाही.